माणूसखाऊ

नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं, असं शाळेत शिकवतात. आपल्याला हा फरक कधी कळलाच नाही. लोकांनी जी नावं ठेवली तीच आपली नावं झाली.

म्हणून अमेरिकेतल्या एका जमातीचं नाव वाचलं आणि मी थबकलो. अटाकापा. मेक्सिकोच्या आखाताकाठी, आजच्या लुइझियाना आणि टेक्सासच्या दलदलीत राहणारी ही माणसं. मासे, कालवं, हरणं, मगरी यांवर जगणारी. मगरीचं तेल अंगाला फासून डास हाकलणारी. शेजारच्या चोक्टॉ लोकांच्या भाषेत हत्ताक म्हणजे माणूस, आपा म्हणजे खाणं. अटाकापा म्हणजे माणूसखाऊ. शेजाऱ्यानं ठेवलेलं नाव फ्रेंचांनी उचललं, कागदावर चढवलं. झालं.

ते स्वतःला काय म्हणत? इशाक. इशाक म्हणजे माणसं. बस्स, एवढंच.

1719 साली सिमार द बेलिल नावाचा फ्रेंच अधिकारी गॅल्व्हस्टनच्या खाडीजवळ अडकला. बरोबरचे उपासमारीनं मेले. हा वाचला आणि 1721 पर्यंत या लोकांत बंदी म्हणून राहिला. पुढं त्यानं लिहिलं, यांनी शत्रूला मारून खाल्लं. खरं-खोटं करायला मी बसलेलो नाही. पण शत्रू खाल्ला म्हणून यांचं नाव माणूसखाऊ, आणि ज्यांनी अख्खा खंड गिळला त्यांचं नाव वसाहतकार! 1760 साली किनेमो नावाच्या त्यांच्या मुखियानं व्हर्मिलियन नदी आणि बायू टेश यांच्यामधली जमीन एका फ्रेंचाला विकली. विकली, असं कागद म्हणतो. पुढं त्या मुलखालाच अटाकापा म्हणू लागले. माणसं हटली, शिवी जमिनीला चिकटून राहिली.

1885 च्या जानेवारीत गॅचेट नावाचा भाषापंडित लेक चार्ल्सला गेला. तिथं लुइझाँ हंटिंग्टन आणि डिलायला मॉस या दोन बायांनी त्याला आपली बोली सांगितली. एकेक शब्द, एकेक वाक्य. जगातल्या दुसऱ्या कुठल्या भाषेशी तिचं नातं पक्कं जुळत नाही. गॅचेट 1907 साली मेला. स्वॉन्टननं त्याचं काम पुरं केलं आणि शब्दकोश छापून निघाला 1932 साली, म्हणजे बाया बोलल्या त्याला सत्तेचाळीस वर्षं झाल्यावर. 2022 साली जेफ्री किंबॉलचं व्याकरण आलं. त्याच्या मोठ्या शीर्षकात त्या भाषेचं त्यांचं स्वतःचं नाव आहे, युखिती कोय. उपशीर्षकात पुन्हा अटाकापा.

पुस्तकांनी यांना कधीच संपवून टाकलं होतं. माणसं मात्र आहेत. काळ्या लोकांत, क्रिओलांत मिसळली, सरकारी कागदांत 'कलर्ड' म्हणून चढली, पण आहेत. ती आज संघटित आहेत, बोली पुन्हा शिकताहेत. संघटनेचं नाव, अटाकापा-इशाक नेशन. केंद्र सरकारनं त्यांना जमात म्हणून अजून मान्यता दिलेली नाही. जुन्या जमातीपासून वंश आणि समाज सलग चालत आलाय, हे सिद्ध करा म्हणे. आधी कागदावर पुसायचं, मग कागद मागायचा.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडलो होतो. शिवी कशाला मिरवता? फेका ना! 1938 साली 'हरिजन' शब्दावरून बाबासाहेब आपल्या आमदारांना घेऊन मुंबईच्या विधिमंडळातून बाहेर पडले. आपण त्यांची लेकरं. आपल्याला असल्या नावाची सवय नको.

मग पोरीच्या जात पडताळणीची फाइल आठवली. आमच्या घरात 1956 पासून कुणी ती जात तोंडानं उच्चारत नाही. पण कारकून म्हणाला, 1950 च्या आधीचा पुरावा आणा. गावाकडच्या शाळेत चार खेपा घातल्या. वाळवी लागलेलं रजिस्टर निघालं. आज्याचं नाव अर्धंच, बापाचं नाव अर्धंच, आणि पुढं मास्तरानं ठसठशीत, पूर्ण लिहिलेली जात. आज्याला त्या मास्तरानं वर्गाबाहेर बसवलं होतं. तो पोत्यावर बसून शिकला.

त्या पानाच्या मी तीन झेरॉक्स काढल्या. एक समितीला दिली. दोन पेटीत आहेत, दीक्षेच्या फोटोखाली.