नोंद थोडी, माणूस जवळ

1996 साली टोकियोतल्या इकेबुकुरो भागात 77 वर्षांची आई आणि तिचा आजारी मुलगा राहत्या घरात उपासमारीने गेले. कितीतरी दिवस कुणाला पत्ताच नव्हता. या घटनेनंतर झोजिरुशी कंपनीने 2001 मध्ये विजेचा एक वेगळा पॉट आणला. चहासाठी पाणी गरम ठेवणारा असा पॉट अनेक जपानी घरांत दिवसभर चालू असतो. एकट्या राहणाऱ्या आजींनी बटण दाबून पाणी घेतलं की त्याची नोंद होते आणि ती दूर राहणाऱ्या मुलाला ईमेलने कळते. आता घरोघरी स्मार्ट मीटर बसत असताना त्यांच्याच आकड्यांवरून एकट्या वृद्धांची काळजी घ्यावी, असा विचार पुढे येतो आहे. हेतू चांगलाच आहे. पण या कामात मीटरने पॉटकडून शिकावं, असं मला वाटतं. नोंद थोडी असावी आणि नेमकी असावी.

मीटर साऱ्या घराची वीज एकत्र मोजतो. फ्रिज माणसावाचून चालतो, आणि पडलेल्या माणसाच्या खोलीतला टीव्हीही रात्रभर चालू राहतो. पॉटचं बटण मात्र कुणीतरी हातानेच दाबावं लागतं. एकूण आकड्यांतून एकेक उपकरण ओळखण्याची पद्धत अमेरिकेत जॉर्ज हार्ट यांनी 1980च्या दशकातच विकसित केली होती, हे खरं. पण त्या वाटेने गेलं की उठण्याची, अंघोळीची, झोप न लागल्याची वेळही उघडी पडते. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने 2009 मध्ये स्मार्ट मीटरची सक्ती रोखली, ती खासगीपणाच्याच मुद्द्यावर.

जीव वाचत असेल तर खासगीपणाचं एवढं काय, असं कुणी विचारेल. पण वय झालं म्हणून स्वतःच्या घरावरचा हक्क संपत नाही. कशाची नोंद व्हावी, ती कुणाला कळावी आणि कधी थांबावी, हे त्या आजींनीच ठरवायला हवं. थोड्या नोंदीतून स्मृतिभ्रंशासारखे सावकाश होणारे बदल दिसणार नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. तिथे डॉक्टरांचा सल्ला आणि आजींची संमती घेऊन, ठरावीक काळापुरती सविस्तर नोंद ठेवता येईल. मात्र नोंद कितीही बारीक असली तरी ती दार उघडून आत जात नाही. म्हणून अशी योजना आखताना यंत्राच्या खर्चाआधी, किल्ली जवळ असलेला आणि लगेच पोचू शकणारा माणूस कोण, हे ठरलं पाहिजे. ते ठरत नसेल, तर योजना सुरूच करू नये.