तळ दिसता?

आमच्या आजीला रोज सकाळी विहिरीत डोकावून पाहायची सवय आहे. नळ येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी तिचा हा नेम चुकत नाही. परसात जाते, कठड्यावर हात टेकते, वाकून पाहते. ती नाही गेली आणि आमच्यापैकी कुणी तिकडून आलं, की विचारते, "तळ दिसता?" आमच्या घरात बोलणं कोकणीत आणि लिहिणं-वाचणं मराठीत, गोव्यातल्या पुष्कळ घरांसारखंच. त्यामुळे तिचा हा प्रश्न तिच्याच शब्दांत ठेवला आहे. बाकीचं मराठीत सांगतो.

घर फोंडा तालुक्यात, कुळागराच्या कडेला. बाबा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मागच्या मोकळ्या जागेत पोहायचा एक छोटा तलाव बांधून घेतला. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, एका टोकाला तीन फूट आणि दुसऱ्या टोकाला पाच फुटांहून थोडा जास्त खोल. पाणी साधारण चाळीस हजार लिटर. गावात थोडी थट्टा झाली. आजी त्याला अजूनही 'टांकी'च म्हणते. पण मे महिन्यात नातवंडं-पतवंडं जमली की तिचीही खुर्ची टांकीच्या काठावर जाते.

तलावाची देखभाल माझ्याकडे आली, कारण घरून काम करणारा मी एकटाच. सामान देणाऱ्या दुकानदाराने सोपा उपाय शिकवला होता : आठवड्याला क्लोरिनच्या दोन मोठ्या गोळ्या, दोनशे-दोनशे ग्रॅमच्या, तरंगत्या डबीत घालून सोडायच्या. ऑक्टोबरपासून मी तेवढंच करत होतो. पाणी निळं, मी खूश.

एप्रिलमध्ये भिंती बुळबुळीत लागायला लागल्या. मग कोपऱ्यांत हिरवा रंग. कागदी पट्टी बुडवून पाहिली तर क्लोरिन बरोबर दिसत होता, दोन ते तीन पीपीएम, म्हणजे लिटरमागे दोन-तीन मिलिग्रॅम. पुस्तकी हिशेबाने हे पुरेसं. तरी शेवाळ वाढतच होतं. दुकानदाराला विचारलं. म्हणाला, "दोन गोळ्या जास्त टाका." टाकल्या. मग कुणीतरी मोरचूद सुचवला. तोही टाकला. मोरचुदाने पाणी निळसर झालं आणि मला वाटलं, जमलं. प्रत्यक्षात ते गढूळ निळं होतं. काकू त्यात दोन-चार दिवस डुंबल्या आणि त्यांच्या पांढऱ्या केसांना हिरवट झाक आली. घरभर हसणं झालं. पाण्यातल्या तांब्याने फिकट केसांचं असं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मीही हसलो.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ताई पुण्याहून आली. दुपारी सहा मुलं पाण्यात होती. मी काठावरच होतो. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर सगळे मला 'तू तिथे होतास म्हणून बरं' असं म्हणाले, आणि ते खरं नाही. मी तिथे असून काही उपयोग नव्हता. मी डोकी मोजली, पाच भरली. परत मोजली. पाचच. ओरडणं नाही, हात मारणं नाही, पाण्यावर बुडबुडासुद्धा नाही. सिनेमात बुडणारा माणूस हाका मारतो. खरं बुडणं बहुतेक वेळा अगदी मुकाट्याने होतं. मी खोल बाजूला पाण्याकडे पाहत होतो आणि मला फक्त पाण्याचा रंग दिसत होता. चार फुटांखाली काहीच नाही.

ताईच्या मोठ्या मुलीच्या पायाला काहीतरी लागलं. तिने खाली हात घालून भावाला वर ओढलं. सात वर्षांचा आहे तो. खोकला, पाणी ओकला, मग रडला. आम्ही त्याला लगेच डॉक्टरांकडे नेलं. छाती तपासली, ऑक्सिजन पाहिला, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. सगळं ठीक होतं. ताई मला एक शब्द बोलली नाही. ठरल्यापेक्षा तीन दिवस आधी पुण्याला निघाली.

मी फाटकाला कुलूप लावलं, आणि मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. नीट शिकलो.

या गोळ्यांमध्ये क्लोरिन एकटा नसतो. त्याच्याबरोबर सायन्युरिक आम्ल असतं. उघड्या तलावात कडक ऊन क्लोरिनला काही तासांत संपवून टाकतं, आणि हे आम्ल त्याला धरून ठेवतं, उन्हापासून वाचवतं. थोडं असलं तर उत्तम, तीस ते पन्नास पीपीएम. पण क्लोरिन वापरला जातो आणि हे आम्ल मागे राहतं. ते उडत नाही, गाळणीत अडकत नाही. माझ्या तलावात एक गोळी विरघळली की पावणेतीन पीपीएमच्या आसपास वाढत होतं. ऑक्टोबर ते मे, आठवड्याला दोन गोळ्या, तुम्हीच गुणाकार करा. आणि ते जितकं जास्त, तितकं क्लोरिनला घट्ट धरून ठेवतं. पट्टीवर क्लोरिन दिसतो, पण त्याचे हात बांधलेले असतात. मी शेवाळ मारायला आणखी गोळ्या टाकत होतो, म्हणजे आणखी दोर आणून देत होतो.

हे आम्ल मोजायची पद्धत मला फार आवडली. थेंबांचा संच मागवला होता. त्यात एक नळी असते, तिच्या बुडाशी काळा ठिपका. तलावाच्या पाण्यात एक द्रव मिसळला की ते दुधासारखं होतं. ते नळीत हळूहळू ओतत जायचं आणि वरून पाहत राहायचं. ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि पातळी वाचायची. माझा ठिपका शंभराच्या खुणेच्या आतच गेला, म्हणजे मोजपट्टीच्या बाहेर. मग विहिरीच्या पाण्यात अर्धंअर्धं करून परत मोजलं. सत्तर. दुप्पट केलं तर एकशे चाळीस.

इतक्या आम्लात शेवाळ मारायला पन्नासहून जास्त पीपीएम क्लोरिन सतत टिकवावा लागला असता. शहाणपणाचा मार्ग एकच : पाणी काढून नवं भरायचं. आणि आमच्या विहिरीला तेव्हा जेमतेम दोन पुरुष पाणी. वीस हजार लिटर काढून फेकायचं, तेही मे महिन्यात? बाबा टँकर मागवायला तयार होते. आजीने ऐकलं नाही. "पाऊस येतोय ना? बांय आपण कधी उपसतो?" वैशाखात, पाणी सर्वांत खाली असताना, पावसाच्या आधी. हे तिने मला शिकवायची गरज नव्हती, मी लहानपणी त्या गाळात उतरलेलो आहे. थांबलो.

थांबण्याला आणखी एक कारण होतं. तलाव ऐन पावसाळ्यात रिकामा करायचा नसतो. जमिनीत पाणी भरलेलं असलं की ते खालून रेटा देतं आणि रिकामी टाकी उचलली जाऊ शकते, फरशीला तडे जातात. जूनच्या पहिल्या आठवड्यात जमीन अजून कोरडी असते. तेव्हा अर्धं पाणी चार दिवसांत हळूहळू शोषखड्ड्याकडे काढलं. मोरचूद घातलेलं पाणी, ओहोळात गेलं तर मासे मरतील, म्हणून तिकडे नाही. मग पहिले दोन पाऊस छप्पर धुऊन जाऊ दिलं आणि त्यानंतर पन्हळीचा पाइप तलावात सोडला. महिनाअखेर तलाव भरून वाहत होता. काळा ठिपका पन्नासला गेला.

पुढचं काम तसं सरळ आहे, फक्त आळस चालत नाही. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून त्याचा पीएच थाऱ्यावर राहत नाही. क्षारता ऐंशीच्या वर न्यायला दोन किलो खाण्याचा सोडा लागला. वाण्याने विचारलं, घरात लग्न आहे का. पीएच साडेसातच्या खाली आणला, कारण तो आठाला गेला की क्लोरिनचा जेमतेम चौथा हिस्सा कामाचा उरतो. मग गोळ्यांऐवजी पातळ क्लोरिन, दहा टक्क्यांचा, ताजा. पन्नास पीपीएम आम्लाला वीस पीपीएम क्लोरिन. चाळीस हजार लिटरला आठशे ग्रॅम, म्हणजे आठ लिटर. संध्याकाळी ओतला, पंप रात्रंदिवस चालू, भिंती ब्रशने घासल्या. दिवसातून दोनदा मोजायचं आणि कमी झालेला भरायचा. गाळणीचा दाब चढला की उलटं पाणी सोडून ती धुवायची.

तिसऱ्या दिवशी हिरवं जाऊन पाणी राखाडी झालं. मेलेलं शेवाळ. रात्री मोजलेला क्लोरिन सकाळी उजाडण्याआधी तेवढाच भरला, एक पीपीएमही कमी नाही, तेव्हा आत खाणारं कुणी उरलं नाही हे कळलं. पण धुकं जाईना. आजी म्हणाली, "तुरटी फिरव की." विहिरीला नाही तरी पावसाळ्यात घागरीला तिने जन्मभर तेच केलं आहे. पंप बंद करून तुरटीचं पाणी पसरलं, रात्रभर हलवलं नाही. सकाळी तळाशी मऊ साय बसली होती. ती गाळणीतून न नेता नळीने थेट बाहेर ओढून टाकली.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी, शेतघरी असा तलाव असेल तर एक गोष्ट आजच करा. विहिरीची ब्लीचिंग पावडर, या गोळ्या आणि आम्लाचा कॅन एका कपाटात ठेवू नका, आणि एकाच बादलीत तर कधीच घालू नका. गोळ्या आणि पावडर एकत्र आल्या तर पेट घेऊ शकतात, पावडर आणि आम्ल एकत्र आलं तर विषारी वायू निघतो. माझ्याकडे सात महिने तिन्ही एकाच फळीवर होतं. आणि तळाची जाळी काठावरून स्वच्छ दिसत नसेल त्या दिवशी कुणीही पाण्यात उतरायचं नाही, पाहुणे कितीही लांबून आलेले असोत.

चवथीला ताई आली. येईल की नाही याची मला खात्री नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला आणि मुलं तलावाच्या फाटकाशी घुटमळायला लागली. ती त्यांच्याआधी आत गेली. खोल बाजूला उभी राहिली, बराच वेळ. खाली जाळीची भोकं मोजता येत होती.

"किती खोल आहे रे इथे?"

"पाच फूट. थोडं जास्तच."

"एवढं वाटत नाही."

स्वच्छ पाणी उथळ दिसतं, असं मी म्हणालो. ती काही बोलली नाही. मग पर्स उघडली, मुलाचा पोहायचा चष्मा काढला आणि त्याच्या हातात दिला.

"जा. मी इथेच बसते," म्हणाली, आणि साडी थोडी वर घेऊन पाय पाण्यात सोडून काठावर बसली. मी फोन घरात ठेवून आलो आणि दुसऱ्या काठावर बसलो.