थरथरणारी ज्वाला आणि विक्रोळीचे इंजिन

२३ मे १९८०. दक्षिण अमेरिकेतील कुरू तळावरून युरोपचा एरियान अग्निबाण दुसऱ्यांदा झेपावला आणि काही क्षणांतच त्याच्या चार वायकिंग इंजिनांपैकी एकातील ज्वलन अस्थिर झाले. दाबाची ही थरथर वाढत गेली की इंजिन स्वतःलाच फोडते. अग्निबाण समुद्रात गेला.

हा घाव भारतालाही जवळचा होता. १९७४च्या करारान्वये इस्रोने याच इंजिनाचे तंत्र घेतले होते. मोबदला मुख्यतः पैशांत नव्हे, भारतीय अभियंत्यांच्या श्रमांत!

फ्रेंचांनी चाचणीमंचावर इंजिने पुन्हा पुन्हा पेटवली. इंधन फवारणारी छिद्रे बदलली, आणि पुढे इंधनही. निव्वळ यूडीएमएचऐवजी त्यात २५ टक्के हायड्राझिन हायड्रेट मिसळले. या यूएच-२५ मिश्रणाने ज्वलन स्थिरावले.

वायकिंगचे भारतीय रूप म्हणजे 'विकास'. ते विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात घडते. त्याला लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड रायगडमधील रसायनीचे. मोठे अवघड रसायन! सुमारे २१ अंशांनाच उकळून त्याचा तांबूस, विषारी वायू होतो, आणि इंधनाला स्पर्श होताच ठिणगीविना भडका उडतो. जीएसएलव्हीच्या 'विकास' इंजिनांत त्याच्या जोडीला आज यूएच-२५च जळते.