आत्याचं देणं

मी आज पाण्याचं काम करते ते आत्यामुळे. जबलपूरला गोलबाजारात तिचं घर होतं. शाळेत ती विज्ञान शिकवायची आणि सुट्टी लागली की मला घेऊन बरगीकडच्या वस्त्यांवर जायची. नर्मदेवरच्या बरगी धरणाची झळ १६२ गावांना बसली. उठवलेली कितीतरी कुटुंबं वर टेकड्यांवर जाऊन बसली. समोर एवढा जलाशय, आणि प्यायला झिरियाचं, म्हणजे उकरलेल्या खड्ड्यात झिरपणारं पाणी! पाणी रोज उकळायचं तर तेवढा लाकूडफाटा आणायचा कुठून?

आत्याच्या पिशवीत रिकाम्या, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या आणि जुना पेपर असायचा. भरलेली बाटली ती पेपराच्या मथळ्यावर उभी करायची आणि बायकांना वरून, बाटलीच्या तोंडातून खाली बघायला लावायची. मथळा दिसला तर पाणी चालेल. नाही तर निवळू द्यायचं, फडक्यातून गाळायचं, पुन्हा बघायचं. वाचता न येणाऱ्या बायका मथळ्याची काळी अक्षरं वेगवेगळी दिसतात का ते सांगत, आणि त्यांची नजर कधी चुकत नसे. मग बाटली पाऊण भरून जोरात हलवायची, हवा पाण्यात मिसळली की काठोकाठ भरून झाकण लावायचं आणि पत्र्यावर आडवी ठेवायची. कडक उन्हात सहा तास. आभाळ अर्ध्याहून जास्त भरलेलं असेल तर दोन दिवस. पावसाची झड लागली की मात्र उकळण्याला पर्याय नाही. उन्हातले अतिनील किरण जंतू मारतात. पाणी पन्नास अंशांवर तापलं तर काम आणखी लवकर होतं.

ही युक्ती कुणाची, हे सांगितल्याशिवाय ती बाटलीला हात लावत नसे. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातले आफ्तिम आक्रा. जुलाब झालेल्या मुलांना द्यायचं मीठ-साखरेचं पाणी उन्हाने निर्जंतुक होतं, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, आणि १९८० साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. तेव्हा लेबनॉनमध्ये यादवी पेटलेली होती. १९९१ पासून स्वित्झर्लंडमधल्या जलसंशोधन संस्थेने त्यावर काम केलं आणि ही पद्धत देशोदेशी पोचली. वस्तीवरच्या एक गोंड आजी त्यांना 'आकराबाबा' म्हणायच्या. मला ते फार आवडायचं.

पण आत्याचं खरं ऋण माझ्यावर आहे ते मंडला जिल्ह्यातल्या एका दुपारचं. एका म्हातारीने नातवाला पुढे केलं. चालताना त्याचे गुडघे एकमेकांवर घासत होते. घरात हातपंपाचं पाणी, अगदी नितळ. बहनजी, या बाटलीने हे गुडघे सरळ होतील का, असं तिने विचारलं. आत्याने तिचा हात धरला आणि नाही म्हणून सांगितलं. ऊन जंतू मारतं, पण हाडं वाकवणारं, पाण्यातलं फ्लोराइड काढत नाही. जबलपूरच्याच आदिवासी आरोग्य संशोधन केंद्राने याच जिल्ह्यातल्या तिलईपानी गावात फ्लोरोसिसचा, म्हणजे फ्लोराइडने होणाऱ्या या आजाराचा, अभ्यास केला होता, तो तिने वाचलेला होता. तिथे उपाय झाला तो दुसऱ्या पाण्याचा, आणि आहारात टाकळ्याची भाजी, आवळा वाढवण्याचा. उन्हावर चालणाऱ्या ऊर्ध्वपातन पेटीत पाण्याची वाफ होते आणि फ्लोराइड मागे राहतं, पण एका चौरस मीटरच्या पेटीतून दिवसाला तीन-चार लिटर पाणी मिळालं तरी खूप. ते लहान मुलांपुरतं राखावं लागतं. म्हातारीला हे सगळं सांगायला आत्या संध्याकाळपर्यंत तिथे बसून राहिली. आस लावून बसलेल्या माणसाला खरं कसं सांगायचं, ते मी त्या ओसरीवर पाहिलं.

आत्या आता नाही. तिच्या वतीने एक मागणं आहे. तुम्ही किंवा तुमचं मंडळ एखाद्या पाड्याला सौर शुद्धीकरण यंत्र देणार असाल, तर आधी तिथलं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर निघालं, तर नुसतं जंतू मारणारं यंत्र देऊ नका. त्या पैशात दुसरं पाणी शोधून द्या.