चवडा आणि टाच

दादरची माझी मावशी होती तोवर, मी लंडनहून आले की पहिल्याच दिवशी चहाचा कप हातात देताना ती विचारी, "अजून नाचणाऱ्यांचे पाय चेपतेस का गं?"

"हो, मावशी."

"आणि त्यासाठी एवढी शिकलीस!"

तिचे काही चुकत नव्हते. मी मुंबईत फिजिओथेरपी शिकले आणि १९८४ साली लंडनला गेले, ती इस्पितळातल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालायला शिकवण्यासाठी. तिथल्या एका डॉक्टरांनी मला आठवड्यातून दोन दिवस एका बॅले-मंडळीकडे पाठवले आणि मी तिथलीच होऊन गेले. 'बॅले-मंडळी' हा शब्द माझा. आपल्याकडे नाटक-मंडळ्या असत, तशीच ही: साठ-सत्तर माणसे, वर एक मालक, कपड्यांचे पेटारे, दौरे, रुसवेफुगवे, आणि कुणाची भूमिका कुणाला मिळाली यावरून महिनोन्‌महिने चाललेले अबोले. फरक एवढाच, की आपल्याकडे गळा बसला की खेळ अडायचा. तिथे घोटा सुजला की अडतो.

मी एकदा मावशीला एका नर्तिकेचा फोटो दाखवला. पांढरा झगा, एक पाय मागे उंच, दुसरा पाय अंगठ्याच्या टोकावर. मावशीने चष्मा पुसून तो बराच वेळ पाहिला. "हिला वजनच नाही गं!" ती म्हणाली.

मावशीने बॅले कधी पाहिला नव्हता, पण दोनशे वर्षे लोकांना जे दाखवण्याची धडपड चालली आहे ते तिला एका फोटोत दिसले. १८३२ साली पॅरिसमध्ये मारी तालिओनी 'ला सिल्फीद'मध्ये वायुकन्या होऊन नाचली. वायुकन्येचा पाय जमिनीला लागतो न लागतो असे वाटावे म्हणून ती टोकावर उभी राहिली. तिची पादत्राणे साटीनची, मऊ. टोकाला टाके घालून जराशी घट्ट केलेली. आजच्या बुटाच्या टोकाशी कागद, कापड आणि खळ यांचे थर वाळवून केलेले टोपण असते आणि तळव्याखाली एक ताठ पट्टी. नवा जोड आला की पोरी तो दाराच्या फटीत दाबतात, जिन्याच्या पायरीवर आपटतात, तेव्हा कुठे तो पायाला येतो. आणि मोठी भूमिका असली तर एका रात्रीत त्याचा चोथा होतो.

पण वजन जाते कुठे? ते कुठेच जात नाही. प्रेक्षकांना ते दिसत नाही, एवढेच. ते पोटरीतून टाचेच्या कंडरेत, तिथून घोट्यात आणि शेवटी चवड्याच्या दोन-तीन हाडांत उतरते. दुसऱ्या बोटाचे लांब हाड मुळाशी शेजारच्या हाडांच्या खोबणीत पाचरीसारखे बसलेले असते. बाकीची हाडे थोडी हलतात, हे हलत नाही. म्हणून टोकावर उभे राहणाऱ्या मुलींत ते नेमके तिथेच चिरते. शिवाय अभिजात बॅलेत दोन्ही पाय खुब्यापासून बाहेर वळवायचे असतात. ज्याच्या खुब्याची ठेवण तेवढे वळू देत नाही तो उरलेले वळण गुडघ्यातून आणि पावलातून उसने घेतो. आणि उसने घेतलेले कधीतरी फेडावे लागते.

हे सगळे मला हळूहळू कळले. पहिल्या वर्षी मात्र मी पडद्याआड उभी राहून नुसती पाहत असे. 'स्वान लेक'चे १८९५ सालचे रूप, पेतिपा आणि इव्हानोव्ह यांनी बसवलेले, अजून जगभर नाचले जाते. त्यात पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तिकेने आणलेल्या बत्तीस गिरक्या आहेत. एकाच पायावर, बत्तीस वेळा टोकावर चढायचे आणि उतरायचे. मी त्या मोजत असे. माझे तळवे घामेजत. मी पुरती भक्त झाले.

परक्या गावात नव्याने आलेला माणूस पुष्कळदा तिथल्या पुजाऱ्याहून अधिक सोवळा होतो. माझेही तसेच झाले. जुने ते खरे, नवे ते मोडतोडीचे, असे मी कुणीही न शिकवता मानू लागले. याला दुजोरा द्यायला म्हातारे नर्तक होतेच. जिन्याखाली चहा पिताना ते म्हणत, "ही नवी नृत्ये शरीर मोडतात. आम्हाला वर जायला शिकवलं. हे लोक खाली पाडतात." उलट तरुण म्हणत, "पाय बाहेर वळवून अंगठ्यावर उभं राहणं हे काय निसर्गाला धरून आहे?"

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. पीना बाउश यांनी १९७५ साली 'वसंताचा विधी' बसवला तेव्हा रंगमंचावर मातीच पसरली. नर्तक त्या मातीत अनवाणी नाचतात, पडतात, मळतात. विल्यम फोर्साइथ यांनी १९८७ साली पॅरिस ऑपेराच्या मंडळीसाठी बसवलेल्या नृत्यात बूट टोकाचेच होते, पण तोल मुद्दाम ढळवलेला, जणू पडता पडता राहायचे. जुना नाच शरीराला म्हणतो, जमीन सोड. नवा म्हणतो, जमीन धर. आणि मंडळी दोन्ही गोष्टी एकाच शरीराला एकाच दिवशी सांगते. दुपारी अनवाणी तालीम, संध्याकाळी साडेसातला हंसिणी. नुसते जुने ठेवले तर मंडळीचे संग्रहालय होते. नुसते नवे ठेवले तर नाताळच्या दिवसांत तिकीटखिडकीवर शुकशुकाट. मालकाचा हिशेब मला कळत होता. तो हिशेब शेवटी पायांवर लिहिला जातो, हे मात्र मला जरा उशिरा कळले.

त्या मुलीचे नाव मी सांगणार नाही. एकोणीस वर्षांची होती. चोवीस हंसिणींच्या रांगेतली एक. रांगेतल्या हंसिणींचे काम पाहणाऱ्याला सोपे वाटते. पुष्कळ वेळ नायिका मध्ये नाचत असते आणि या कडेला निश्चल उभ्या. निश्चल उभे राहणे किती कठीण असते, हे कवायतीत उभ्या राहिलेल्या कुणालाही विचारावे. त्या हंगामात एका नव्या नृत्यासाठी बाहेरून आलेल्या दिग्दर्शकाने रांगेतून तिलाच उचलले. अनवाणी नाच, पाच मिनिटे ती एकटी.

ती माझ्याकडे आली. पावलाच्या वरच्या बाजूला, मध्यभागी, एक जागा दुखत होती. मी दाबले. ती छताकडे पाहू लागली.

"दुखतं?"

"थोडंसं."

नर्तिकेचे 'थोडंसं' किती असते हे मला ठाऊक होते. मी फोटो काढायला पाठवले. क्ष-किरणात हाड स्वच्छ दिसले. असल्या चिरा पहिले काही आठवडे क्ष-किरणात पुष्कळदा दिसत नाहीत हेही मला ठाऊक होते. पण मनाने आधीच निकाल दिला होता. अनवाणी उड्या! कठीण जमिनीवर धाडधाड उतरणे! दुसरे काय असणार?

मी लिहून दिले: नव्या नृत्याची तालीम सहा आठवडे बंद, रात्रीचे खेळ चालू ठेवण्यास हरकत नाही. मालकांना हायसे वाटले. नव्या नृत्याला दुसरी मुलगी तयार होती. रांगेत मात्र खिंडार पडून चालले नसते.

ती पुन्हा आली. दाराशीच उभी राहून म्हणाली, "त्या नाचात दुखत नाही. खरंच सांगते. तिथे पाऊल पूर्ण टेकतं. टाच खाली असते."

मला वाटले, खोटे बोलते आहे. भूमिका जाऊ नये म्हणून नर्तक नेहमीच खोटे बोलतात. सुजलेला घोटा बर्फात बुडवून येतात आणि हसत उडी मारून दाखवतात. अकरा-बारा वर्षांत मी अशी शंभर खोटी ऐकली होती. त्यामुळे खरे ऐकण्याची सवय मोडली होती. ती पुरेसे जेवते का, तिची पाळी नियमित येते का, हेही मी विचारले नाही. अन्न कमी पडले की पाळी थांबते आणि पाळी थांबली की हाडे दुबळी होतात, हे प्रत्येक बॅले-मंडळीत दिसणारे सत्य माझ्या डोळ्यांसमोर होते. मी म्हटले, "बाळ, मी तुझ्या भल्याचंच सांगते आहे."

अकराव्या दिवशी, खेळाच्या दुसऱ्या अंकात, ती रांगेत टोकावर चढली आणि हाड मोडले. आवाज कुणाला ऐकू आला नाही. तिने अंक पुरा केला. पडदा पडल्यावर खाली बसली, ती उठली नाही. दुसऱ्या बोटाचे हाड, मुळाशी. ज्या नाचाला मी 'हरकत नाही' म्हटले होते त्याने ते मोडले होते. आणि ज्याच्यात त्या पायाला थोडा विसावा होता तोच मी काढून घेतला होता.

मी तिला भेटायला गेले. चौथ्या मजल्यावरची लहानशी खोली, उशीवर ठेवलेला प्लास्टरमधला पाय. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते. ती म्हणाली, "रांगेत माझी जागा डावीकडून सहावी होती. तिकडे कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव एका ओळीत एकटंच होतं."

मी तिची क्षमा मागितली. तिने चहा करू का म्हणून विचारले. मग पायाकडे पाहून आम्ही दोघीही हसलो. आठ महिन्यांनी ती रांगेत परतली आणि दोन वर्षांनी मंडळी सोडून गेली.

पुढे या विषयाचे शास्त्र बरेच वाढले. बर्मिंगहॅम रॉयल बॅलेमधल्या ५२ नर्तक-नर्तिकांच्या दुखापतींची वर्षभर नोंद ठेवली गेली, ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. ३५५ दुखापती, माणशी जवळजवळ सात. त्यांतल्या निम्म्याहून बऱ्याच अधिक एका क्षणाच्या अपघाताने झालेल्या नव्हत्या. त्याच त्या श्रमाने झिजून झालेल्या होत्या. मग प्रत्येकाच्या शरीराची तपासणी करून त्याचा व्यायाम ठरवला आणि पुढच्या वर्षी हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. नाच तोच, मंडळी तीच. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये नृत्यवैद्यकाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. मी ते आकडे वाचले तेव्हा मला डावीकडून सहावी जागा आठवली.

आता कुणी मला विचारले, जुना नाच अधिक घातक की नवा, तर मी उत्तर देत नाही. सिल्व्ही गिएम यांनी पॅरिसमध्ये जुने सगळे नाचले, फोर्साइथचे ते तोल ढळवणारे नृत्यही नाचल्या, २००६ साली कथक शिकलेल्या अक्रम खान यांच्याबरोबर रंगमंचावर आल्या आणि २०१५ साली, पन्नासाव्या वर्षी थांबल्या. शरीराला दोन भाषा येऊ शकतात. पण एका भाषेतून दुसरीत जायला वेळ द्यावा लागतो, आणि कोणती भाषा बोलताना दुखते हे ज्याचे त्यालाच विचारावे लागते.

२०१६ साली अक्रम खान यांनी इंग्लिश नॅशनल बॅलेसाठी 'जिझेल' नव्याने बसवले. १८४१ सालची ती जुनी कथा. पहिल्या अंकात माणसे जमिनीला चिकटलेली, ओझी वाहणारी; दुसऱ्यात मेलेल्या मुलींची भुते हातांत काठ्या घेऊन टोकांवर येतात. मी पाहत होते. अंगावर काटा आला. पण हात आपोआप माझ्याच पावलावर गेला, त्या हाडाच्या मुळाशी.

मी काम सोडून आता काही वर्षे झाली. ती मुलगी आता मुलगी राहिलेली नाही. एका लहान गावात मुलांना नाच शिकवते. नाताळला पत्र येते. गेल्या वर्षी पत्राऐवजी फोन आला. तिच्या वर्गातली एक चौदा वर्षांची पोर पाऊल दुखते म्हणून सांगत होती आणि विचारले की 'थोडंसं' म्हणत होती.

"तुम्ही काय कराल?" तिने विचारले.

मी म्हटले, "तिला खुर्चीवर बसव. तिच्याकडून काही काढून घेणार नाहीस, एवढं आधी सांग. मग विचार, कोणत्या नाचात दुखत नाही."

पलीकडे ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ती माझ्या समोरच बसली आहे." आणि तिने फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.