बिल पोचले, पत्र राहिले

आपली चूक उघडी पडण्याचा प्रसंग आला म्हणजे मनुष्य ती दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवण्याची खटपट करितो. गृहपाठ न आणणारा विद्यार्थी विजेच्या दिव्यास दोष देतो, आणि पत्र न लिहिणारा शिक्षक टपालहशिलास. आमच्या हातून अशीच एक गोष्ट घडली. ती सांगण्यात आम्हांस भूषण वाटते असे नाही. परंतु आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस तिचा थोडाबहुत उपयोग होईल या आशेने ती येथे लिहीत आहो.

आमची वृद्ध आई गावी राहते. तिला आताशा फार कमी ऐकू येते, त्यामुळे फोनवरील बोलणे तिच्या काही उपयोगाचे नाही. डोळे मात्र शाबूत आहेत. लहानपणी ती मिशनच्या शाळेत चार इयत्ता शिकली, आणि चष्मा लावून हस्ताक्षर अजून चांगले वाचते. वडिलांच्या पश्चात गावच्या घराचे वीजबिल आम्ही भरावे, असा प्रघात पडला. बिलाचा आकडा आमचे चुलतबंधू कळवीत. आम्ही तेवढ्या रकमेचा धनादेश लिहीत असू, सोबत आईस दोन पाने पत्र लिहीत असू, आणि तो लिफाफा रजिस्टर करून पाठवीत असू. धनादेश चुलतबंधू तालुक्याच्या गावी नेऊन भरीत; पत्र आई आपल्याजवळ ठेवून घेई. पुष्कळ वर्षे हा क्रम बिनचूक चालला.

धनादेश वाटेत गहाळ होऊ नये म्हणूनच तेवढे रजिस्टर करणे भाग होते, व ते काम २५-३० रुपयांत होत असे. पुढे १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल ही निराळी सेवा राहिली नाही. ती स्पीड पोस्टात विलीन झाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टाचे दरही वाढले. परगावी जाणाऱ्या ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटास पूर्वी ३५ रुपये पडत, त्याचे ४७ झाले. वर १८ टक्के कर मिळविला म्हणजे हिशेब ५५ रुपयांच्या पुढे जातो. विद्यार्थ्यांसाठी दरात १० टक्के सूट ठेविली होती. पण विद्यार्थिदशा संपून आम्हांस वीस वर्षे होऊन गेली होती!

तीनचारशे रुपयांचे बिल, आणि ते पोचविण्यास पंचावन्न रुपये हशील! आम्ही घरी त्रागा केला. दहावीत शिकणाऱ्या आमच्या कन्येने तो शांतपणे ऐकून घेतला व म्हणाली, "बाबा, एवढा खटाटोप कशाला? आजीचं बिल इथूनच भरा ना."

यूपीआय नावाची पैसे पाठविण्याची पद्धत आपल्या देशात २०१६ साली सुरू झाली, हे आम्हांस ठाऊक होते. भाजीवाल्याच्या गाडीवर तिचा चौकोनी ठिपक्यांचा कागद आम्ही रोज पाहत होतो. परंतु घरची बिले तिच्यावर सोपवावीत असे कधी मनात आले नव्हते. कन्येने मोबाईल आमच्या हाती दिला. बिलावरील बारा आकडी ग्राहक क्रमांक आम्ही मोठ्या डौलाने घातला, तो पडद्यावर कोणा अनोळखी गृहस्थाचे नाव व त्याच्या बिलाची रक्कम उमटली! एक आकडा चुकला होता. "नाव वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही, बाबा," कन्या म्हणाली. उत्तर ताडून पाहिल्याखेरीज गणित पुरे झाले असे समजू नये, हे आम्ही वर्गात कितीदा सांगतो! दुसऱ्या खेपेस वडिलांचे नाव दिसले. गुप्त आकडे घातले, आणि चहास उकळी येण्यापूर्वी बिल भरल्याची पावती हाती आली.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही घरी वडील मंडळींना ही कामे करून देता, म्हणून आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पैसे द्यावयाचे असतील तेव्हा गुप्त आकडे घालावे लागतात, घ्यावयास ते लागत नाहीत. तेव्हा पैसे मिळतील असे सांगून जो कोणी ते आकडे घालावयास लावील, तो ठक समजावा. तसेच 'आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या क्रमांकावर त्वरित फोन करा' असा निरोप आल्यास घाबरू नये व त्या क्रमांकास फोन करू नये. खऱ्या बिलावरील क्रमांकावर चौकशी करावी. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी.

ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर अशी तीन महिन्यांची बिले आम्ही घरबसल्या भरली. पंचावन्न रुपये वाचले, डाकघरातील खेप वाचली, चुलतबंधूंचा तालुक्याचा हेलपाटा वाचला. आम्ही स्वतःवर फार प्रसन्न होतो.

त्या वर्षीच्या नाताळात आम्ही सहकुटुंब गावी गेलो. रात्री जेवणे झाल्यावर आईने बिस्किटांचा एक जुना डबा आणून आमच्यापुढे ठेविला. त्यात आमची सारी पत्रे तारीखवार लावलेली होती. सर्वांत वरचे सप्टेंबरचे. त्यावर हात ठेवून ती म्हणाली, "बाळा, माझं काही चुकलं का?"

आम्हांस काही उमगेना. ती पुढे म्हणाली, "दिवे लागतात, तेव्हा बिल भरलं जातंय हे कळतं. पण लिफाफा यायचा थांबला. सांगणारे सांगतात, तू बरा आहेस. मग पत्र का नाही? मला वाटलं, मी काही बोलून गेले असेन."

धनादेशाची गरज सरली, म्हणून लिफाफा बंद झाला. आणि लिफाफा बंद झाला, म्हणून त्यातले पत्रही बंद झाले. हे आमच्या ध्यानातसुद्धा आले नव्हते! तरीही खरे न बोलता आम्ही पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखविले, "टपाल फार महाग झाले आहे." आईने ते वाचले. मग डब्याच्या तळाशी हात घालून तिने एक पिवळे पडलेले पोस्टकार्ड काढले. आम्ही कॉलेजात असताना वसतिगृहातून धाडलेले होते ते. "आणि ह्याला किती पडतात आता?" तिने विचारले.

आम्हांस सांगता येईना. नाताळची सुटी उलटल्यावर गावच्या डाकघरात जाऊन विचारले. पोस्टकार्ड ५० पैसे. अंतर्देशीय पत्र अडीच रुपये. साधा लिफाफा २० ग्रॅमपर्यंत पाच रुपये. वीस वर्षांहून अधिक काळ कार्डाची किंमत तीच आहे! कार्ड छापून ते देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकास पोचविण्यास येणारा खर्च या ५० पैशांत मुळीच भागत नाही. उरलेला भार सरकार सोसते. आपल्याकडे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी निघाले, तेव्हा त्यास पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा पडे. त्याआधी १८५४ पर्यंत तर अंतराप्रमाणे हशील वाढत असे, व दूरच्या आप्तास पत्र धाडणे गरिबाच्या आवाक्याबाहेर होते. गरिबासही चार ओळी लिहिता याव्यात अशी सोय झाली, ती अजून टिकली आहे. आणि पगारदार शिक्षक महागाईचे गाऱ्हाणे गात बसला होता!

महाग झाली होती ती धनादेशाची वाहतूक, आणि तिची तर आता गरजच उरली नव्हती. पत्राची वाट पूर्वीइतकीच मोकळी होती. आम्ही दहा रुपयांची वीस कार्डे घेतली, घरी येऊन आईपुढे ठेविली, आणि पाटीवर या खेपेस खरे ते लिहिले, "चूक तुझी नाही, माझी आहे." तिने पाटी पदराने पुसून टाकली.

तेव्हापासून नियम केला आहे: ज्या दिवशी बिल भरावे, त्याच दिवशी, पावती आल्याबरोबर, आईस कार्ड लिहावे. नव्या साधनांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी वेळ वाचतो, पैसा वाचतो, आणि बिलाची मुदत टळत नाही. परंतु जुन्या रीतीचे एखादे काम सुटते, तेव्हा त्याच्या पदरास बांधलेले दुसरे काय सुटून गेले, हे आपण पाहिले पाहिजे. मुलांनो, तुमच्याही आजी-आजोबांकडे पूर्वी काही निमित्ताने कोणी जात असेल, काही धाडीत असेल. ते निमित्त आता मोबाईलने संपविले असल्यास, तुम्ही बिननिमित्ताचे जा, बिननिमित्ताचे लिहा.

आमच्या पहिल्या कार्डास आईचे उत्तर आठ दिवसांनी आले. त्यात बिलाविषयी अक्षर नव्हते. एवढेच होते: "कार्ड पोचलं. दोनदा वाचलं. पुढल्या वेळी अक्षर एवढं बारीक काढू नकोस."