नेट गेलंय, पण कुठून?

बुधवार, १० जुलै २०२४
डिचोलीचा बाजाराचा दिवस. पावसातही गर्दी, आणि झेरॉक्स-दाखल्यांसाठी आमच्या दुकानाच्या दारात छत्र्यांची रांग. नेमकं तेव्हाच नेट गेलं. "कंपनीक फोन कर रे!" शेजारच्या काकांचा ठरलेला सल्ला. त्याआधी काउंटरवरच्या विंडोजवर 'आयपीकॉन्फिग' मारलं. पत्ता निघाला १६९.२५४ पासून सुरू होणारा. पत्ता वाटणारं कुणी, म्हणजे आमच्याकडे राउटर, भेटलं नाही की विंडोज असा पत्ता स्वतःच घेतं. म्हणजे बिघाड दुकानातच. स्विचचे दिवे लुकलुकत होते, राउटरचा अडॅप्टर मात्र थंडगार. रात्रीच्या विजांनी घेतला असणार. नवा लावला, रांग हलली.

गुरुवार, ११ जुलै
आतल्या लिनक्स मशीनवर फाइल सरकेना. 'आयपी डॅश एस लिंक' दिलं. आरएक्सखाली, म्हणजे येणाऱ्या डेटाखाली, एररचा आकडा दर वेळी वाढलेला. 'ईथटूल'नं वेग सांगितला १०० मेगाबिट. हवा होता १०००. वायरीचं टोक खिडकीपाशी, तिथं पागोळ्यांचे शिंतोडे येतात. प्लगच्या पिना हिरव्या पडलेल्या. वायरीत चार जोड्या असतात. हजारला चारही लागतात, शंभर दोनांवर भागवतो. म्हणून अशी वायर मरत नाही, नुसती रखडते, आणि लोक महिनोन्महिने कंपनीला शिव्या घालतात. टोक कापून नवा प्लग क्रिंप केला. वेग १०००, एररचा आकडा जागेवर थांबला.

सोमवार, १५ जुलै
मदतीला येणारी मुलगी म्हणाली, "दादा, आयएफकॉन्फिग कमांडच नाही म्हणतंय." तिच्या पुस्तकात अजून तेच. १९८३ च्या बर्कली युनिक्समधली ही कमांड. २०१७ च्या डेबियन ९ पासून ती मुळात बसवलेली येत नाही. आता 'आयपी', आणि 'नेटस्टॅट'च्या जागी 'एसएस'. मला हा बदल पटतो, नवं जास्त सांगतं आणि लवकर सांगतं.

कोणता प्रोग्रॅम कुठल्या पत्त्यावर ऐकतोय, ती एसएसची यादी तिलाच वाचायला लावली. १२७.०.०.१ वर ऐकणारा प्रोग्रॅम फक्त त्याच मशीनशी बोलतो; ०.०.०.० वर ऐकणारा सगळ्यांना दार उघडून बसतो. यादीत ०.०.०.० समोर पोर्ट ५९०० होतं. दुरून स्क्रीन चालवायचा प्रोग्रॅम, पूर्वी कुणीतरी टाकलेला. लोकांचे आधार, एक-चौदाचे उतारे याच मशीनवर स्कॅन होतात. लगेच काढून टाकला.

तुमच्याही दुकानात असं मशीन असेल तर ही यादी एकदा वाचा, आणि ओळखीचं नसेल ते बंद करा.